जव्हार बघायचं तर दोघांनी, आणि मुक्कामाला

जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी जव्हारच्या रस्त्याला मुंबई, ठाणे आणि नाशिकच्या गाड्यांची रांग लागते. बहुतेक गाड्या दाभोशाच्या धबधब्यापाशी थांबतात. फोटो निघतात, भजी खाल्ली जातात आणि अंधार पडायच्या आत सगळे घाट उतरतात. या लोकांनी पाणी पाहिलेलं असतं. जव्हार पाहिलेलं नसतं.

जव्हार ही सहाशे वर्षं टिकलेल्या एका राज्याची राजधानी होती, आणि हे राज्य महादेव कोळ्यांचं होतं. महाराष्ट्रात आदिवासी राजवंशाची इतकी दीर्घ, सलग परंपरा दुसरीकडे सहसा सापडत नाही. युरोपातलं एखादं जुनं शहर बघायला आपण महिनोन् महिने तयारी करतो, इतिहास वाचतो, नकाशा पाठ करतो, पायी फिरायचं ठरवतो. आपल्याच राज्यातल्या या राजधानीलाही तेवढा मान द्यावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी माझा सल्ला साधा आहे. एका मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत घ्या, दोन रात्री मुक्काम करा, आधी गाव पायी पाहा आणि धबधब्याला त्यानंतर जा. हे कसं जमवायचं ते इथे सांगते.

दोघंच का?

दहा-बारा जणांचा गट गेला की सगळं लक्ष गटाकडेच राहतं. कोण मागे राहिलं, कोणाला भूक लागली, कोण रुसलं, यातच दिवस जातो. एकट्याने गेलं तर डोळे उघडे राहतात, पण जव्हारसारख्या गावात बरंचसं लोकांशी बोलल्यावरच कळतं. इथे प्रत्येक वास्तूवर माहितीचा फलक नाही. ओटीवर बसलेल्या आजोबांना विचारावं लागतं. दोन माणसं अदबीने समोर उभी राहिली की लोक मोकळेपणाने बोलतात. एक जण विचारतो, दुसरा ऐकतो, आणि संध्याकाळी दोघांच्या आठवणी जुळवल्या की गोष्ट पूर्ण होते.

सोबती निवडताना आवडी जुळणारा शोधू नका. नजर वेगळी असलेला शोधा. माझी मैत्रीण वनस्पतिशास्त्र शिकवते. मी राजवाड्याच्या खांबांकडे बघत असते तेव्हा ती आवारातली झाडं ओळखत असते. तिच्यामुळे मला कळलं की या भागाचा इतिहास सागाच्या लाकडावाचून सांगताच येत नाही, कारण संस्थानाचं उत्पन्न मोठ्या प्रमाणात जंगलावर चालायचं. माझ्यामुळे तिला त्या जंगलाच्या मालकांची नावं कळली.

निघण्यापूर्वी दोघांनी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. पहिली चालीची. एकाला भराभर चालायची सवय असते, दुसऱ्याला पावलोपावली थांबायची. दर तासाला कुठे एकत्र यायचं ते ठरलेलं असलं की चिडचिड होत नाही. दुसरी पैशांची. दोघांनी सारखी रक्कम एका पाकिटात टाकावी आणि चहा, जेवण, जीपभाडं त्यातूनच द्यावं. पाकीट रोज एकाकडे. रात्री हिशेब मांडत बसावं लागत नाही. तिसरी गोष्ट एकांताची. रोज तासभर तरी दोघांनी वेगवेगळं फिरावं. सबंध दिवस एकमेकांच्या सावलीत राहिलं की चांगली मैत्रीही थकते, आणि वेगळं फिरून आल्यावर सांगायला काहीतरी असतं.

कधी आणि कसं जावं

जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे. पाऊस मुसळधार असतो. जून ते सप्टेंबर सगळं हिरवं असतं, पण धुक्यात दरी दिसत नाही आणि जवळच्या भूपतगड किल्ल्याची वाट निसरडी होते. गाव नीट पाहायचं असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. सुरुवातीला भात कापणीला आलेलं असतं, माळावर नागली आणि वरई उभी असते, खुरासणीची पिवळी फुलं फुललेली असतात आणि हवा स्वच्छ असते. मार्च ते मे ऊन कडक असतं, पण बोहाड्याची, म्हणजे देव-दानवांच्या मुखवट्यांच्या उत्सवाची, सोंगं याच दिवसांत निघतात. ती पाहायची असतील तर उन्हाची तयारी ठेवून जावं.

मुंबईपासून जव्हार सुमारे 145 किलोमीटर आणि नाशिकपासून सुमारे 80 किलोमीटर आहे. पश्चिम रेल्वेने पालघरला उतरून मनोर-विक्रमगडमार्गे एसटीने येता येतं. ठाण्याहून भिवंडी-वाडा-विक्रमगड असा रस्ता आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वर-मोखाडामार्गे यावं. कसाऱ्याहून विहीगाव-खोडाळामार्गे मोखाड्याला येणारी वाट वळणावळणाची आणि फार देखणी आहे. जव्हारला एसटीचं आगार असल्याने गाड्या मिळतात, पण आतल्या पाड्यांकडे जाणाऱ्या फेऱ्या मोजक्याच असतात. पोहोचल्याबरोबर आगारात जाऊन दुसऱ्या दिवशीच्या गाड्यांच्या वेळा लिहून घ्या. परतीची शेवटची गाडी कोणती, हे चालक-वाहकांना विचारून पक्कं करा. दूरच्या ठिकाणांसाठी दोघांत मिळून दिवसभराची जीप किंवा रिक्षा ठरवणं परवडतं. भाडं आणि थांबे आधीच बोलून घ्यावेत.

मुक्काम गावातच करावा, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी पायी फिरता येतं. बाजारात फोनवरून पैसे देता येतात, पण पाड्यांवर रेंज नसते. सुटे पैसे जवळ हवेत. टॉर्च, टोपी, घट्ट पकडीचे बूट, प्रत्येकी दोन लिटर पाणी आणि छापील किंवा हाताने काढलेला नकाशा एवढं सामान पुरतं.

आधी वाचून जा

गावात पाय ठेवण्यापूर्वी तिथली गोष्ट माहीत असली की साधा चौकही बोलायला लागतो.

राज्याचा मूळ पुरुष जयबा मुकणे. त्याची गढी थळ घाटाजवळच्या मुकणे गावी होती, आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने जव्हारवर सत्ता बसवली. दंतकथा अशी की त्याने इथल्या वारली राजाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. मागणी मान्य झाल्यावर कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्याने सगळा मुलूखच वेढला. हीच कथा उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराच्या स्थापनेबद्दल, राणी डायडोच्या नावाने सांगितली जाते. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यातही तिचा उल्लेख आहे. भूमध्य समुद्राच्या काठी आणि सह्याद्रीच्या कुशीत एकच कथा नांदते. सोबत्याला ही गोष्ट प्रवासातच सांगा आणि मग विचारा, जमीन गेलेल्या वारल्यांनी ही कथा कशी सांगितली असती? हा प्रश्न मनात ठेवून फिरलात तर इथलं बरंच काही उलगडेल.

जयबाचा मुलगा नेमशाह. त्याला दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली ती 5 जून 1343 रोजी. जव्हार दरबाराला या घटनेचं इतकं महत्त्व वाटलं की तिथून नवा शक सुरू झाला आणि संस्थानाच्या कागदपत्रांत तो पुढे शतकानुशतकं वापरला गेला. वसईचे पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा सगळ्यांशी या राज्याने कधी लढून, कधी जुळवून घेऊन निभावलं. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा जव्हारचा राजा विक्रमशाह त्यांच्या बाजूने होता. पुढे संबंध बिघडले आणि 1672 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतलं. विसाव्या शतकात संस्थानाचं क्षेत्र सुमारे 310 चौरस मैल उरलं होतं. शेवटचे राजे यशवंतराव 1927 मध्ये लहान वयातच गादीवर आले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हवाई दलात काम केलं. 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि पुढे यशवंतराव लोकसभेवरही निवडून गेले. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत जव्हार ठाणे जिल्ह्यात होतं.

राजांच्या गोष्टीबरोबर रयतेचीही गोष्ट वाचावी. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक दोघांपैकी एकाने तरी निघण्यापूर्वी वाचावंच. 1945 पासूनचा वारल्यांचा लढा त्यात आहे. जमीनदार आणि सावकारांच्या वेठबिगारीविरुद्ध उभी राहिलेली ती माणसं याच डोंगरांच्या परिसरातली. 1972 मध्ये या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाने राजघराण्याचा इतिहास वाचावा, दुसऱ्याने हे पुस्तक, आणि मुक्कामात एकमेकांना सांगावं.

पहिला दिवस गावासाठी

सकाळी लवकर बाजारपेठेतून सुरुवात करा. जव्हारची नगरपालिका 1918 ची आहे. एवढ्याशा डोंगरी गावात इतक्या आधी नगरपालिका झाली ती राजधानी होती म्हणून. जुन्या घरांचे लाकडी खांब, माड्या, कौलं आणि पुढच्या ओट्या पाहत चला. संस्थानी वळण इथे राजवाड्याइतकंच या घरांत टिकलं आहे. रुग्णालयाला पतंगशाह राजाचं नाव आहे. राजांनी आपल्या मागे काय ठेवलं हे बघायचं असेल तर अशा रोजच्या वापरातल्या जागांकडे लक्ष द्यावं. आठवडा बाजाराचा दिवस कोणता ते आधी विचारून घेतलं आणि त्या दिवशी गावात राहिलात, तर आसपासच्या पाड्यांवरून आलेली माणसं, रानभाज्या, कंद, सुकी मासळी, मडकी आणि सुपं-टोपल्या एकाच जागी दिसतील.

उन्हं तापायच्या आत जयविलास राजवाड्याकडे जावं. गावाबाहेर टेकडीवर, झाडीत उभी असलेली ही इमारत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली आहे. खांब, कमानी आणि घुमट युरोपीय अभिजात शैलीच्या वळणाचे आहेत. गुलाबी छटेचा दगड सकाळच्या उन्हात फार सुंदर दिसतो. हा वाडा राजघराण्याचा खासगी आहे. तो केव्हा उघडा असतो, आत कुठवर जाता येतं आणि किती शुल्क आहे, याची चौकशी आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणीच करावी. आत गेल्यावर एक गोष्ट करून पाहा. दोघांनी वेगवेगळ्या दिशांनी वाड्याला पूर्ण फेरी मारायची आणि प्रत्येकाने तीन गोष्टी टिपायच्या. मग पायरीवर बसून त्या ताडून पाहायच्या. कोळी राजाने गेल्या शतकात आपला वाडा या शैलीत का बांधला असेल, यावर तुमचं बोलणं नक्की रंगेल. तोवर बडोद्यापासून ग्वाल्हेरपर्यंत अनेक संस्थानिकांनी युरोपीय वळणाचे वाडे बांधले होते. आपणही त्याच पंक्तीतले आहोत, हे सांगायची ती रीत होती. जव्हारच्या राजाला ते सांगण्याची गरज इतरांपेक्षा जास्त वाटली असणार, असं मला वाटतं. राज्य लहान आणि घराणं आदिवासी, म्हणून त्याला कमी लेखणारे पुष्कळ होते.

दुपारी विसावा घ्या. चार वाजता शिरपामाळावर जा. सुरतेच्या मोहिमेवर निघालेल्या शिवाजी महाराजांचा तळ इथे पडला होता आणि विक्रमशाहाने त्यांच्या जिरेटोपात मानाचा तुरा, म्हणजे शिरपा, खोवला, अशी इथली परंपरा सांगते. जागा लहान आहे. तिथे उभं राहून एकदा उत्तरेकडे पाहा. सुरत कोणत्या दिशेला, घोडदळ या डोंगरांतून कसं उतरलं असेल, हे नकाशा उघडून दोघांनी शोधावं. इतिहासाच्या पुस्तकातली एक ओळ पायाखालच्या जमिनीला जोडली जाते.

संध्याकाळ सूर्यास्ताच्या टेकाडावर घालवा. गावाच्या पश्चिमेला चालत जाण्यासारख्या अंतरावर ते आहे. दरीचा आकार धनुष्यासारखा असल्याने जुनी माणसं त्या जागेला धनुकमळ म्हणतात. हवा स्वच्छ असेल तर लांबवर डहाणूच्या महालक्ष्मीचा सुळका दिसतो. दुसऱ्या पहाटे उठणं जमलं तर हनुमान पॉइंटवर, मारुतीच्या देवळापाशी जा. तिथली खोल दरी सकाळच्या धुक्यात फार छान दिसते आणि गर्दीही नसते.

दुसरा दिवस: किल्ला की धबधबा?

दोन्ही एका दिवसात उरकायचा मोह टाळा. हवामान बघून एक निवडा.

हिवाळ्यात असाल तर भूपतगड. जव्हारपासून झाप गावाकडे सुमारे पंधरा-सोळा किलोमीटर गेलं की किल्ल्याच्या पायथ्याचा परिसर लागतो. जव्हारच्या राजांचा हा गड. आज माथ्यावर तटबंदीचे अवशेष आणि पाण्याची टाकी उरली आहेत. चढ अवघड नाही, पण वाटा फुटतात. पायथ्याच्या पाड्यावरचा कोणी जाणता माणूस सोबत घ्यावा आणि त्याला योग्य मोबदला द्यावा. वाट तर चुकत नाहीच, शिवाय कोणतं झाड कशाला उपयोगी, कोणत्या खडकाला कोणता देव मानतात, हेही कळतं. माथ्यावरून पिंजाळ नदीचं खोरं दिसतं. त्या खोऱ्यातले पाडे पावसाळ्यात नदीला पूर आला की एकाकी पडतात. वरून पाहिलं की राजाने हा डोंगर का निवडला ते समजतं, आणि त्याच दुर्गमतेची किंमत आज कोण मोजतं आहे तेही दिसतं.

पावसाळ्याच्या शेवटी असाल तर दाभोसा. जव्हारपासून सुमारे वीस किलोमीटरवर लेंडी नदी जवळपास तीनशे फूट खाली कोसळते. समोरच्या कड्यावरून हा धबधबा पूर्ण दिसतो. खाली उतरायला वाट आहे, पण संततधार पाऊस चालू असेल तर उतरू नका. काळमांडवीचा धबधबा गावाला जवळ आहे आणि म्हणूनच जास्त धोक्याचा. 2020 च्या जुलैत त्याच्या डोहात पाच तरुण बुडाले. या डोहांची खोली वरून कळत नाही, आत खडकांच्या कपारी असतात आणि डोंगरात वर पाऊस झाला की काही मिनिटांत पाणी वाढतं. दोघांत एक नियम पक्का असावा. दोघांपैकी एकाला जरी भीती वाटली तरी दोघांनी मागे फिरायचं. त्यावर वाद घालायचा नाही आणि नंतर टोमणाही मारायचा नाही. पाण्याशी मस्ती करण्याआधी आपल्याला परत घरी सोडायची जबाबदारी दुसऱ्यावर आहे, हे लक्षात ठेवावं.

साप-विंचवाची भीती इथे खरी आहे. अंधारात टॉर्चशिवाय चालू नये आणि दगड-लाकडं हाताने उलटू नयेत. दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट जव्हारच्या कुटीर रुग्णालयात न्यावं. रुग्णवाहिकेसाठी 108 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक दोघांच्याही लक्षात असावेत.

तिसरा दिवस मोखाड्याचा

परतीचा रस्ता मोखाड्याकडून घ्या. जव्हारहून मोखाडा पाऊण-एक तासाच्या अंतरावर आहे. तिथून खोडाळ्याच्या वाटेवर वाघ नदीकाठी देवबांधचं गणेश मंदिर आहे. थोडा वेळ टेकायला निवांत जागा. पुढे सूर्यमाळचं पठार. इथल्या उंच भागांपैकी हा एक. हिवाळ्यात इथे चांगली थंडी पडते आणि रात्री आकाश स्वच्छ असतं.

मोखाड्यात डोळे उघडे ठेवून फिरा. या तालुक्याच्या हद्दीत मुंबईला पाणी पुरवणारं मध्य वैतरणा धरण आहे. पावसाळ्यात इथे धो धो पाणी पडतं, आणि एप्रिल-मे महिन्यांत याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालकं दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचं लक्ष इकडे वळलं होतं. दिवाळीनंतर अनेक घरांना कुलूप दिसेल. माणसं वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर आणि रेतीच्या कामाला स्थलांतर करून गेलेली असतात. हे सांगते ते तुमचा प्रवास काळवंडावा म्हणून नाही. आपण मुंबई-ठाण्यात नळ सोडतो तेव्हा हे पाणी कुठून येतं, हे माहीत असलेला प्रवासी या गावांत जास्त नम्रपणे वावरतो.

सोंगं, तारपा आणि दसरा

तारखा जुळल्या तर तीनपैकी एक गोष्ट जरूर पाहा. होळीनंतर वैशाखापर्यंत जव्हार-मोखाड्यातल्या गावांत बोहाडा होतो. देव-दानवांचे मोठे मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर, मशालींच्या उजेडात रात्रभर सोंगं नाचत येतात. गणपती आणि शारदेपासून सुरुवात होते आणि शेवटी जगदंबा महिषासुराला मारते. कोणतं सोंग कोणी नाचवायचं याचा मान पिढ्यान् पिढ्या ठरलेला असतो. हा गावाचा देवाचा कार्यक्रम आहे. गावकऱ्यांना विचारून बसा, वाट अडवू नका आणि सोंगाच्या तोंडावर फ्लॅश मारू नका. रात्र मोठी असते. दोघांनी आळीपाळीने डुलकी काढली तरी चालेल, पण पहाटेचं युद्ध चुकवू नका. मुखवटे करणारे कारागीर जव्हारजवळच्या रामखिंडीत आहेत. दिवसा जाऊन त्यांचं काम पाहता येतं.

तारपा हे सुकवलेल्या दुधीचं आणि बांबूचं वाद्य. भात कापणीच्या सुमारास त्याच्या सुरावर बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात गुंफून फेर धरतात. जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा गावचे भिकल्या धिंडा यांच्यासारख्या वादकांनी हे वाद्य देशभर नेलं. तारपा ऐकायला मिळाला तर फोन खिशात ठेवून निदान एक फेर पूर्ण ऐका. फेरात बोलावलं तर जा, लाजू नका.

जव्हारचा दसराही मोठा. संस्थानच्या काळापासून चालत आलेला हा दरबारी सोहळा आहे आणि पाड्यापाड्यांवरून नाचाचे फड त्यासाठी येतात. त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत, म्हणून मुक्काम बराच आधी ठरवावा.

काय खावं, काय घ्यावं

जेवायला पंजाबी भाज्या मागू नका. नागलीची किंवा तांदळाची भाकरी, उडदाचं कालवण, खुरासणीची चटणी, वरईचा भात, आणि मांसाहार चालत असेल तर गावठी कोंबडी मागा. सकाळी सांगून ठेवलं तर दुपारी हे जेवण घरगुती खाणावळीत मिळतं. पावसाळ्याच्या तोंडाशी शेवळं, कोरळ, टाकळा अशा रानभाज्या येतात. शेवळं नीट शिजवली नाहीत तर घशाला खाजतात. म्हणून ती इथल्याच बाईच्या हातची खावीत. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं आणि रायवळ आंबे रस्त्याकडेला मिळतात. घरी न्यायला जव्हारचे काजू घ्या.

वारली चित्र घ्यायचं असेल तर दुकानाऐवजी कलाकाराच्या घरी जाऊन घ्या. गेरूच्या किंवा शेणाच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने ही चित्रं काढतात. मूळ परंपरेत लग्नाच्या वेळी सवाशिणी भिंतीवर देवचौक लिहितात, आणि त्यात पालघट देवीची स्थापना असते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगभर नेली. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. चित्र निवडताना त्यातली गोष्ट विचारा. कलाकार सांगू लागला की त्याने खरोखर काय काढलं आहे ते कळतं. घासाघीस करू नका. दोघांत मिळून एक मोठं चित्र घेण्यापेक्षा प्रत्येकी एक लहान घ्या, म्हणजे दोन घरांतल्या कलाकारांना काम मिळतं.

पाड्यावर वागताना

अंगणात शिरण्यापूर्वी बाहेरून हाक मारा. वयस्कर माणसाला बाबा किंवा मामा, बाईला मावशी, तरुणाला दादा म्हणून सुरुवात केली की परकेपण कमी होतं. माणसांचे फोटो विचारूनच काढा. लहान मुलांना चॉकलेटं आणि पैसे वाटू नका. त्यामुळे त्यांना गाड्यांमागे धावायची सवय लागते. खरंच काही द्यायचं असेल तर शाळेत जाऊन गुरुजींना विचारा आणि वह्या-पुस्तकं त्यांच्याकडे द्या. कोणी चहा विचारला तर घ्या. दूध नसेल तर कोरा मिळेल, तोही आवडीने प्या. प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि पुड्या परत घरी घेऊन जा. पाड्यावर कचरागाडी येत नाही.

दोघी मैत्रिणी जाणार असाल तर निश्चिंत मनाने जा, पण अंधार पडण्यापूर्वी मुक्कामावर परतायचं ठरवा आणि त्या दिवशीचा मार्ग घरी कोणाला तरी कळवून ठेवा. मुक्काम ठरवण्यापूर्वी फोनवर बोलून घ्या. तिथे बायका कामाला आहेत का, हे विचारायला संकोच करू नका.

परत आल्यावर

आठवड्याच्या आत दोघं पुन्हा भेटा. फोटोंची छाटणी करा, ज्यांचे फोटो काढले त्यांच्या प्रती त्यांना पाठवा, आणि प्रत्येकाने एकेक पान लिहा. जव्हारमध्ये काय पाहिलं आणि कोणता प्रश्न अजून सुटलेला नाही, एवढंच त्यात असावं. माझ्या मैत्रिणीच्या पानावर झाडांची नावं असतात, माझ्या पानावर राजांची. दोन्ही पानं शेजारी ठेवली की पुढच्या खेपेला कोणता पाडा, कोणता महिना आणि कोणता माणूस गाठायचा ते आपोआप ठरतं.

आपल्याकडे वर्षातून एकदा दूरच्या प्रवासासाठी पैसे साठवणारी पुष्कळ माणसं आहेत. त्यांनी युरोप जरूर पाहावा. पण त्याआधी किंवा त्यानंतर, तितक्याच तयारीने आणि तितक्याच आदराने, जव्हारचे तीन दिवस काढावेत. आपल्याच भाषेत बोलणारी, सहाशे वर्षांची ही राजधानी पाहायला व्हिसा लागत नाही. पुरेसा वेळ आणि सोबतीला एक चांगला माणूस असला की झालं. तो माणूस कोण, हे आज ठरवा आणि त्याला फोन करा.